मिलिंग यंत्राचा ठावठिकाणा

आजच्या माझ्या भाषणाचा विषय लहानसा आहे. परंतु लहान कारखान्यांत पोट भरणाऱ्या मनुष्याच्या दृष्टीनें तो मुळींच लहान नाहीं. लोखंडाच्या तुकड्यास आकार देणारें जें छोटें मिलिंग यंत्र असतें, त्याचें टेबल या क्षणीं नेमकें कोठें उभें आहे हें आंकड्यांनीं दाखविणारें एक साधन आतां सहज मिळूं लागलें आहे. तें साधन कसें चालतें, तें यंत्रावर कसें बसवावें, त्यापासून काय मिळतें आणि काय मिळत नाहीं, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे. कारागीर लोक या साधनाला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘डी. आर. ओ.’ म्हणतात. आपण त्यास अंकदर्शक म्हणूं.

हा विषय जालना जिल्ह्यासंबंधानें काढण्यास कारण आहे. ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण येथील भरभराटीच्या व्यापारपेठेवरून पडली. पण आजचें जालना मुख्यतः दोन गोष्टींवर उभें आहे, एक लोखंड आणि दुसरें बियाणें. भंगार वितळवून त्याच्या सळया ओढणारे कारखाने येथें मोठ्या संख्येनें आहेत. आणि १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं येथें ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी काढली, त्या कार्याबद्दल त्यांना १९९८ सालीं जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हें पुष्कळांस ठाऊक असेल. या मोठ्या धंद्यांच्या पाठीमागें, फारसें कोणाच्या डोळ्यांत न भरणारें असें एक तिसरें जग आहे. एक लेथ, एक ड्रिल, एक वेल्डिंगचा संच आणि जमल्यास एक लहान मिलिंग यंत्र, एवढ्या भांडवलावर चालणारीं तीं दुरुस्तीचीं दुकानें होत. बियाणें चाळणाऱ्या यंत्राचा मोडलेला भाग, पेरणी यंत्राची झिजलेली चकती, पाण्याच्या पंपाचें तुटलेलें कपलिंग, हीं सारीं कामें शेवटीं तेथें येतात.

हें काम किती निकडीचें असतें याची कल्पना शहरांतल्या श्रोत्यांना येणार नाहीं. जालना जिल्हा मोसंबीचा. अंबड, घनसावंगी या बाजूस मोसंबीच्या बागा आहेत, आणि या प्रदेशावर अवर्षणाची छाया वारंवार पडते. २०१२-१३ च्या दुष्काळांत येथील कितीतरी बागा वाळून गेल्या. फळबाग हें कांहीं एका हंगामाचें पीक नव्हे. झाड वाळलें कीं वर्षानुवर्षांची मेहनत वाळली. मे महिन्यांत विहिरींत थोडें पाणी आहे, पण पंपाचें कपलिंग फुटलेलें आहे, अशा शेतकऱ्याला तें आज संध्याकाळीं मिळणें आणि चार दिवसांनीं मिळणें यांत फार मोठें अंतर असतें. म्हणून पहिल्याच प्रयत्नांत भोकें जुळणें हा दुकानदाराच्या केवळ अभिमानाचा प्रश्न नाहीं. त्यावर दुसऱ्याची बाग अवलंबून असते.

आतां प्रथम मिलिंग यंत्र म्हणजे काय तें पाहूं. लेथमध्यें काम फिरतें आणि हत्यार स्थिर असतें. मिलिंग यंत्रांत याच्या उलट हत्यार, म्हणजे कटर, फिरतें आणि काम टेबलावर घट्ट बांधलेलें असतें. तें टेबल डावी-उजवीकडे आणि मागें-पुढें सरकतें, आणि कटर वर-खालीं होतो. अशा तीन दिशांच्या मिळणीनें खांचा, सपाट बाजू, चावीचे गाळे आणि ठराविक अंतरावरचीं भोकें करतां येतात. घरीं हौस म्हणून यंत्रकाम करणारे लोक जें यंत्र घेतात तें मेजावर ठेवण्याजोगें असतें. लहान दुकानांत त्याच्यापेक्षां थोडें मोठें, बहुधा जुनें, दुसऱ्या हातचें यंत्र असतें. सिकंदराबादेस १९४३ सालीं निघालेली प्रागा टूल्स किंवा १९५३ सालीं स्थापन झालेली हिंदुस्थान मशीन टूल्स, यांच्यासारख्या कारखान्यांतून निघालेलीं यंत्रें भारतांतील दुकानांत वर्षानुवर्षें राबलीं. त्यांचें ओतीव लोखंड भक्कम. पण मळसूत्रें मात्र झिजतात.

टेबल सरकविण्याची रचना अगदीं सोपी आहे. टेबलाखालीं एक लांब मळसूत्र असतें. तें हातचाकानें फिरविलें कीं नटाच्या योगानें टेबल सरकतें. चाकाच्या मुळाशीं आंखलेली एक कडी असते, तिला दुकानांत कॉलर म्हणतात. समजा मळसूत्राच्या एका फेऱ्यांत टेबल २ मिलिमीटर सरकतें आणि कॉलरवर १०० खुणा आहेत. तर एक खूण म्हणजे ०.०२ मिलिमीटर झालें. आतां आपणांस टेबल ३७.४६ मिलिमीटर सरकवावयाचें आहे. अठरा पुरे फेरे म्हणजे ३६ मिलिमीटर, आणि वर १.४६ मिलिमीटर म्हणजे ७३ खुणा. हिशेब चोख आहे. पण मध्येंच कोणी दुकानांत आला, दोन शब्द बोलला, आणि तेरावा फेरा कीं चौदावा याचा विसर पडला, म्हणजे २ मिलिमीटरची चूक झालीच म्हणून समजा. आणि लोखंडांत पाडलेलें भोक पुन्हां बुजवितां येत नाहीं.

फेरे मोजण्यांतली चूक ही मनुष्याची झाली. दुसरी चूक यंत्राचीच असते. मळसूत्राचे आटे आणि नटाचे आटे यांच्यामध्यें थोडी तरी मोकळीक ठेवावीच लागते, नाहीं तर तें फिरणारच नाहीं. झिजेनें ही मोकळीक वाढते. तिला कारागीर ‘प्ले’ म्हणतात. चाक एका दिशेनें फिरवीत असतां आट्यांची एक बाजू नटाला टेकलेली असते. दिशा बदलली कीं, ती बाजू सुटून दुसरी बाजू टेकेपर्यंत चाक फिरतें, कॉलरवरील खुणा पुढें जातात, पण टेबल मात्र जागचें हलत नाहीं. जुनी बैलगाडी थांबलेली असतां बैलांनीं पहिलें पाऊल टाकलें, तरी जोत्याचा ढिलेपणा निघेपर्यंत चाक हलत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. हा प्ले ०.३ मिलिमीटर असेल, तर वरच्या उदाहरणांतल्या कॉलरवर पंधरा खुणा खोट्या निघाल्या.

यावर जुन्या कारागिरांनीं एक चांगला नियम बसविला आहे. कोणत्याहि ठिकाणीं यावयाचें तें नेहमीं एकाच बाजूनें यावयाचें. पुढें गेलें तर प्लेपेक्षां जास्त मागें यावें आणि पुन्हां त्याच बाजूनें पुढें सरकावें. हा नियम पाळणारा मनुष्य साध्या कॉलरवरहि उत्तम काम करतो, हें विसरतां कामा नये. परंतु मळसूत्र सर्वत्र सारखें झिजत नाहीं. टेबल बहुतेक वेळ मधल्या भागांत फिरतें, म्हणून मधले आटे अधिक झिजतात आणि टोंकाचे तसेच राहतात. मधल्या भागाच्या मानानें नट आवळला, तर टोंकाकडे टेबल अडकतें. टोंकाच्या मानानें ठेवला, तर मध्यें प्ले राहतो. म्हणजे मळसूत्रावर विश्वास ठेवून मोजणें हें जुन्या यंत्राच्या बाबतींत मुळांतच दुबळें आहे.

तर मग मोजावें कसें? याचें उत्तर साधें आहे. ज्यानें टेबल ढकललें त्याला विचारूं नये. टेबल स्वतः किती हललें तें पाहावें. टेबलाला एक पट्टी लावावी, यंत्राच्या न हलणाऱ्या भागाला तिच्यासमोर एक वाचणारा डोळा लावावा, आणि त्या डोळ्यानें पट्टीवरील खुणा मोजून आंकडा दाखवावा. मळसूत्र कितीहि झिजलेलें असो, चाक कितीहि फुकट फिरो, पट्टी हलल्याशिवाय आंकडा हलत नाहीं. अंकदर्शकाचें सारें तत्त्व एवढेंच आहे.

हा डोळा आज मुख्यतः तीन प्रकारचा मिळतो. पहिला प्रकार विद्युत्संचयाचा. हातांत धरावयाच्या आंकड्याच्या व्हर्निअर कॅलिपरमध्यें जी यंत्रणा असते तीच ही. पट्टीवर तांब्याचे बारीक ठसे ठराविक अंतरानें उमटविलेले असतात आणि सरकणाऱ्या भागावरहि तसेच ठसे असतात. समोरासमोर आलेले दोन ठसे वीज साठविणाऱ्या दोन पत्र्यांसारखे वागतात. ते पूर्ण समोर आले म्हणजे सांठा वाढतो, बाजूला सरकले म्हणजे कमी होतो. या चढउतारावरून आंतील चकती स्थान ओळखते आणि ०.०१ मिलिमीटरपर्यंत आंकडा दाखविते. ही पट्टी स्वस्त, बारीक आणि हवी तेवढी कापून घेतां येणारी असल्यामुळें हौशी लोकांची ती आवडती आहे. पण ०.०१ दाखविणें म्हणजे ०.०१ इतकें खरें सांगणें नव्हे. अशा स्वस्त पट्टीवर दोन-तीन शतांश मिलिमीटरची चूक गृहीत धरूनच चालावें. शिवाय ओल हा तिचा शत्रु आहे. कटरवर सोडलेलें पाणी किंवा ओला कीस ठशांवर बसला कीं आंकडे वेडेवांकडे नाचूं लागतात.

दुसरा प्रकार कांचेच्या पट्टीचा. एका कांचेच्या पट्टीवर अत्यंत बारीक रेघा, बहुधा दर ०.०२ मिलिमीटरला एक, अशा काढलेल्या असतात. वाचणाऱ्या भागांत तशाच रेघांचा एक लहान तुकडा, एका बाजूस दिवा आणि दुसऱ्या बाजूस प्रकाश ओळखणारीं घटकें असतात. मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक पडले असतां त्यांवर मोठमोठे लाटांसारखे पट्टे दिसतात, आणि एक पदर किंचित् हलविला तरी ते पट्टे झपाट्यानें धांवतात, हें आपण पाहिलें असेल. लहान हालचाल मोठी करून दाखविण्याचा हा निसर्गाचा चमत्कार आहे. बारीक रेघांच्या जाळ्या तपासण्यास या पट्ट्यांचा उपयोग होईल, हें लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञानें १८७४ सालींच सुचविलें होतें. १९५० नंतरच्या दशकांत स्कॉटलंडमधील एडिंबरो येथें फेरांटी कंपनीनें हीच युक्ति यंत्रांच्या मोजमापासाठीं प्रत्यक्ष वापरली. एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंतच्या अंतराचे विजेच्या साहाय्यानें चार भाग केले, म्हणजे ०.०२ चे चार भाग, अर्थात् ०.००५ मिलिमीटर, एवढें बारीक वाचन मिळतें. ही पट्टी ॲल्युमिनिअमच्या बंद नळीवजा खोबणींत असते आणि तिच्या तोंडावर रबराचे ओंठ असतात. म्हणून ती पाण्यास व किसास पुष्कळ दाद देत नाहीं. मात्र ती जाड असते आणि लहान यंत्रावर जागा अडविते.

तिसरा प्रकार चुंबकाचा. एका फितीवर उत्तर-दक्षिण असे चुंबकीय पट्टे कांहीं मिलिमीटरच्या अंतरानें उमटविलेले असतात, आणि वाचणारा भाग त्यांवरून सरकतांना त्यांची चढउतार ओळखून मधलें अंतर विजेनें विभागतो. ही फीत कापतां येते, पाण्याला भीत नाहीं, आणि अरुंद जागेंत बसते. पण लोखंडाचा कीस तिच्याकडे ओढला जातो हें ध्यानांत ठेवावें; वरचें पोलादी आवरण रोज पुसल्याशिवाय तिच्यावर भरवसा टाकूं नये.

आतां बसविण्याविषयीं. प्रथम ही गोष्ट ठरवावी कीं कोणत्या दिशांना अंकदर्शक लावावयाचा. पैसे थोडे असतील, तर डावी-उजवी आणि मागें-पुढें या दोन दिशांना आधीं लावावा. भोकें आणि खांचा यांचीं अंतरें यांच्यावरच अवलंबून असतात. वर-खालीं ही तिसरी दिशा मागाहून लावली तरी चालते. पट्टी घेण्यापूर्वीं टेबल एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सरकवून प्रत्यक्ष किती चालतें तें मोजावें आणि पट्टीची वाचनाची लांबी त्याहून थोडी अधिक घ्यावी. पट्टी कमी पडली आणि टेबल जोरानें टोंकाला गेलें, तर वाचणारा भाग आपटून कांच फुटते.

लांब पट्टी टेबलाच्या मागच्या बाजूला लावावी कीं पुढच्या, हा नेहमींचा प्रश्न आहे. मागें लावली तर ती दृष्टिआड आणि सुरक्षित राहते, पण टेबल मागें नेतांना यंत्राच्या खांबाशीं भिडते आणि तेवढी चाल कमी होते. लहान यंत्रांत चाल आधींच थोडी. त्यांतली दोन बोटें गेलीं तर कामाचें नुकसान होतें. पुढें लावली तर चाल वांचते, पण टेबल थांबविण्याचे खटके आणि आवळण्याचे खिळे झांकले जातात. टेबल आवळण्याचे खिळे कधींहि झांकूं नयेत. कां, तें पुढें सांगतों.

पट्टी बसवितांना ती टेबलाच्या चालीशीं समांतर असली पाहिजे. यासाठीं स्पिंडलला डायल गेज लावावा, त्याची टोंचणी पट्टीवर टेकवावी आणि टेबल सरकवून पाहावें. कांटा जितका कमी हलेल तितकें चांगलें. पट्टी ३०० मिलिमीटरांत १ मिलिमीटर तिरपी बसली, तर मापांत पडणारी चूक अवघी ०.००१७ मिलिमीटर असते. म्हणून पुष्कळ लोक येथें बेफिकीर राहतात. पण तिरप्या पट्टीमुळें वाचणारा भाग रखडतो, रबराचे ओंठ फाटतात आणि कांहीं महिन्यांत साधन निकामी होतें. म्हणजे येथील काळजी मापासाठीं नसून आयुष्यासाठीं आहे. वाचणारा भाग धरणारा कोन जाड पट्टीचा असावा. पातळ पत्र्याचा कोन वांकतो, आणि वांकणाऱ्या कोनानें नवाच एक प्ले उत्पन्न होतो. मग जें टाळण्यासाठीं एवढा खटाटोप केला तेंच पुन्हां दारांत येऊन उभें राहतें. पट्टीचीं उघडीं तोंडें खालच्या बाजूस किंवा कटरपासून दूर ठेवावीं, वर पत्र्याचें आच्छादन घालावें, आणि तारेला टेबलाच्या पूर्ण चालीपुरती ढील ठेवावी.

साधन बसलें म्हणजे त्याच्यावर लगेच विश्वास ठेवूं नये. त्याची परीक्षा घ्यावी. डायल गेज यंत्राच्या स्थिर भागाला बांधून त्याची टोंचणी टेबलावरील एखाद्या घट्ट बांधलेल्या तुकड्याला टेकवावी. डायल शून्यावर आणून अंकदर्शकहि शून्य करावा. मग टेबल दूर न्यावें आणि उजवीकडून व डावीकडून, अशा दोन्ही बाजूंनीं पुन्हां डायलच्या शून्यावर आणावें. दोन्ही वेळां आंकडा सारखा आला, तर कोन पक्के आहेत. फरक आला, तर कोठें तरी कांहीं वांकत आहे. त्यानंतर ज्याची लांबी निश्चित ठाऊक आहे असा गेज ब्लॉक घेऊन लांब अंतर तपासावें. पट्टीच्या मधल्या भागांत एकदां आणि दोन्ही टोंकांस एकेकदां, अशी तीन ठिकाणीं ही परीक्षा केली म्हणजे साधन किती खरें बोलतें तें कळतें. त्या दिवशींचें हें ज्ञान भिंतीवर लिहून ठेवावें.

आतां एक प्रत्यक्ष काम घेऊं. पंपाच्या कपलिंगला १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर सारख्या अंतरानें सहा भोकें पाडावयाचीं आहेत. जुन्या पद्धतींत कंपासानें पावलें टाकून खुणा करतात आणि पंचानें टिंब मारतात. प्रत्येक पावलाला ०.२ मिलिमीटर चूक एकाच बाजूची झाली, तर पांच पावलांनंतर सहाव्या भोकाशीं ती १ मिलिमीटर होते. पंपाकडची चकती एकदां आणि मोटरकडची चकती दुसऱ्यांदा अशी केली असेल, तर बोल्ट आंत जाणार नाहींत, किंवा भोकें कानशीनें वाढवून घालावे लागतील. मग सहांपैकीं दोनच बोल्ट भार घेतात आणि कपलिंग लवकरच पुन्हां फुटतें.

अंकदर्शकावर आपण कपलिंगचें मध्य शून्य-शून्य ठरवितों. पहिलें भोक उजवीकडे ५० आणि पुढें ०. दुसरें उजवीकडे २५ आणि पुढें ४३.३०, तिसरें डावीकडे २५ आणि पुढें ४३.३०, चौथें डावीकडे ५० आणि ०, पांचवें आणि सहावें यांचेच मागच्या बाजूचे जोड. येथें प्रत्येक भोक मध्यापासून मोजलेलें आहे, शेजारच्या भोकापासून नव्हे. म्हणून एका भोकाची चूक दुसऱ्याच्या अंगावर चढत नाहीं. माझ्या मतें या साधनाचा खरा लाभ हा आहे. बारीक वाचनापेक्षां, चुका साठूं न देणें हा गुण लहान दुकानाला अधिक उपयोगी पडतो. तिफणीच्या चाड्याचीं भोकें सारखीं नसलीं, तर एक ओळ दाट आणि दुसरी विरळ उगवते, हें ज्या प्रदेशांत लहान मुलालाहि ठाऊक आहे, तेथें ही गोष्ट फार फोडून सांगण्याची गरज नाहीं.

मध्य कसें शोधावें हेंहि सांगतों. स्पिंडलमध्यें १० मिलिमीटर व्यासाचा सरळ दांडा बांधून तो कामाच्या डाव्या कडेला हलकेच टेकवावा. या वेळीं स्पिंडलचें मध्य कडेपासून ५ मिलिमीटर बाहेर असतें. त्या ठिकाणीं शून्य करून दांडा उजव्या कडेला टेकवावा आणि जो आंकडा येईल त्याचा अर्धा करावा. तेथें मध्य आहे. दोन्ही बाजूंस दांड्याची जाडी सारखीच मोजली गेल्यामुळें ती आपोआप कटते. पुष्कळ अंकदर्शकांत हा अर्ध करण्याचा एक खटका असतो, आणि वर्तुळावरील भोकांचा हिशेबहि तें साधन स्वतः करून देतें. पण तो हिशेब एकदां तरी हातानें केलेला असावा, म्हणजे खोटा आंकडा आला तर तो ओळखतां येतो.

श्रोतेहो, या साधनाची स्तुति करीत असतां त्याच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा ही कीं, तें प्ले मोजतांना निष्फळ करतें, पण नाहींसा करीत नाहीं. कटरचे दांत ज्या दिशेनें ओढतात त्याच दिशेनें टेबल चालविलें, तर झिजलेल्या यंत्रांत कटर टेबलाला एकदम आपल्याकडे ओढून घेतो, आणि दांत तुटतो किंवा काम निसटतें. आंकडा खरा असूनहि अपघात होतोच. म्हणून काटतांना जी दिशा चालत नसेल ती आवळून टाकावी. आवळण्याचे खिळे झांकूं नका असें मीं म्हटलें, तें याचसाठीं.

दुसरी मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यानें १८९० सालीं सांगून ठेवली आहे. मोजावयाची रेषा आणि पट्टी या एकाच सरळीत असाव्यात, असें त्याचें तत्त्व आहे. आपली पट्टी टेबलाच्या कडेला, खालीं असते. कटर तिच्यापेक्षां, समजा, १०० मिलिमीटर वर काम करतो. टेबलाच्या सरकत्या बाजू झिजून तें २०० मिलिमीटरांत ०.१ इतकें कलत असेल, तर पट्टीचा आंकडा बिनचूक असतांहि कटरच्या ठिकाणीं ०.०५ मिलिमीटरची चूक पडते. म्हणून पट्टी लावण्याच्या आधीं टेबलाच्या बाजूच्या जिब पट्ट्या नीट आवळून घ्याव्यात. ढिल्या यंत्रावर लावलेला अंकदर्शक म्हणजे डगमगणाऱ्या मेजावर ठेवलेली सोनाराची तराजू होय.

तिसरी गोष्ट उष्णतेची. मापनासाठीं जगानें २० अंश सेल्सिअस हें तपमान १९३१ सालीं प्रमाण मानलें. आपल्याकडे मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्यें ४० अंश सहज असतात. पोलादाची १०० मिलिमीटर लांबी वीस अंशांनीं तापली कीं सुमारें ०.०२३ मिलिमीटर वाढते. ॲल्युमिनिअम सुमारें दुप्पट वाढतें. पट्टी आणि काम दोन्ही पोलादासारखीं वाढणारीं असतील, तर चूक परस्पर कटते. पण दुपारीं तयार केलेला ॲल्युमिनिअमचा भाग पहांटे मोजला तर तो लहान भरतो. कपलिंगच्या भोकांना याची पर्वा नाहीं. बेअरिंग ठोकून बसविण्याच्या जागेला मात्र पुरेपूर आहे.

चौथी गोष्ट विजेची. ग्रामीण भागांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. बहुतेक कांचेच्या व चुंबकाच्या पट्ट्या मोजणी चालू ठेवून स्थान दाखवितात. वीज गेली, टेबल जरा हललें, कीं मागचा हिशेब सुटतो. म्हणून कामाचा एक कोपरा शेवटपर्यंत न कापतां राखून ठेवावा आणि त्याचे आंकडे वहींत टिपून ठेवावेत. वीज परत आली म्हणजे त्या कोपऱ्यावरून पुन्हां शून्य घेतां येतें.

कोणी विचारील, एवढें सगळें करून हें साधन घ्यावें कीं न घ्यावें? ज्याचें काम बहुतांशीं चावीचे गाळे कापण्याचें किंवा सपाटी करण्याचें आहे, त्यानें आधीं चांगला व्हाइस, चांगला मायक्रोमीटर आणि तीक्ष्ण कटर घ्यावेत. ज्याला भोकांचीं जुळणीं वारंवार करावीं लागतात, किंवा ज्याचें मळसूत्र झिजलें असून नवें मिळत नाहीं, त्यानें अवश्य घ्यावें; नव्या यंत्राच्या किंमतीच्या मानानें तें थोडक्यांत होतें आणि जुनें भक्कम यंत्र आणखी पुष्कळ वर्षें कामास येतें.

शिकणाऱ्या मुलांविषयीं दोन शब्द सांगून संपवितों. आय. टी. आय. मधील विद्यार्थ्यांना, किंवा छत्रपति संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूममध्यें जाऊन पुढचें शिक्षण घेऊं इच्छिणाऱ्या तरुणांना, मोठीं यंत्रें पुढें पाहावयास मिळतीलच. पण त्यांनीं आधीं कॉलरवर फेरे मोजून, एका बाजूनें येण्याचा नियम पाळून, एक तरी काम बिनचूक करावें. आणि मग आंकड्याकडे पाहावें. ज्याला प्ले हातांत जाणवतो, त्याला आंकडा मदत करतो. ज्याला तो जाणवत नाहीं, तो आंकड्यामागून चुकीच्या ठिकाणींहि निमूटपणें जातो. आणि शेवटचें माप नेहमीं कामावर घ्यावें, पट्टीवर नव्हे. शेतकरी घरीं नेतो तें कपलिंग, पडद्यावरचा आंकडा नव्हे.